उतरल्याची हाक

चुना संपला होता, म्हणून काल दुपारी डहाणूरोडला गेलो होतो. नीरेच्या मडक्याला आतून चुना फासावा लागतो. नाहीतर रात्रीत रस आंबतो, आंबला की ती ताडी झाली, आणि ताडी म्हटली की दारूबंदीचे शिपाई दारात उभे. तर चुन्याची पिशवी घेऊन मी नरपडला परत येत होतो. ऊन उतरलं होतं. वाटेत जमुनाची झोपडी लागते. जमुना म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, काळूची बायको. तिच्या दारापुढे मी थांबलो.

का थांबलो, ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर म्हणाल, नारूम्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आधीचं आधी ऐका. मला घाई जमत नाही. शाळेत गेलो नाही मी, झाड चढावं तसा एकेक हात चाचपतच सांगतो.

आमचं काम ताडाचं. ताडाच्या शेंड्यावरून गावातली सगळी परसं दिसतात. झावळ्यांच्या आडोशाला बायका न्हातात, वरून ते उघडंच. म्हणून आमच्यात रीत आहे. चढायच्या आधी बुंध्याशी उभं राहून हाक द्यायची, "चढतोय होऽऽ!" जवळच्या घरातली बाई थाळीवर एक टोला मारते. म्हणजे ऐकलं, आम्ही आत गेलो. मगच पाय झाडाला लावायचा. खाली आलं की पुन्हा हाक, "उतरलो होऽऽ!" ज्याने पहिली दिली त्यानेच दुसरी द्यायची, बायका आवाज ओळखतात. ती ऐकू आली की त्या बाहेर येतात. तोवर नाही. चुलीवरचं उतू जाऊ दे, पोर रडू दे, तोवर कुणी उंबरा ओलांडत नाही.

काळू एकदा उतरल्याची हाक द्यायला विसरला. शेजारच्या हिराबाईने दुसऱ्या दिवशी त्याला भर बाजारात गाठलं.

"मेल्या, तू घरी जाऊन जेवलास, नि मी अंधार पडेस्तोवर न्हाणीत बसून! साबण सुकला अंगावर माझ्या!"

"बरंच झालं की, मावशी. तेवढीच उजळलीस."

हिराबाईने टोपलीतला सुका बोंबील फेकून मारला. काळूने तो झेलला, वास घेतला आणि खिशात टाकला. असा होता तो. घरी आल्यावर मी त्याला बसवून सांगितलं, बाबा रे, चढल्याची एक वेळ विसर, उतरल्याची विसरू नको. लोक दाराआड थांबलेले असतात. तो म्हणाला, "नाही विसरणार, दादा." आणि पुन्हा विसरला नाही.

आता ते घर. आमच्या वाडीच्या टोकाला, चिकूच्या बागेमागे. दमण अजून पोर्तुगीजांकडे होतं, तेव्हा ते बांधलं. मालक कोण, कळलं नाही. गवंडी बाहेरचे, मुकादम बाहेरचा. सिमेंटचे ट्रक येत राहिले. एका बंगल्याला असं किती लागतं? पुढे पुढे तर गावाने ट्रककडे बघायचंही सोडलं. उभं राहिलं ते पारशांच्या बंगल्यासारखं. कौलं, ओटा, ओट्यावर झोपाळा, हिरव्या झडपांच्या खिडक्या, खिडक्यांना पांढरे पडदे. मग ती माणसं निघून गेली. राहायला कुणी आलं नाही.

लांबून घरच वाटायचं. पण बघत राहिलं की कळायचं. धूर नाही. विहीर नाही. दोरीवर कपडा नाही. कौलांवर कावळा बसत नाही. दर्यावरून वारा सुटला की आमच्या झावळ्या अंगात आल्यासारख्या घुमायच्या, पण त्या खिडकीतला पडदा हलायचा नाही. काळू एकदा जवळ जाऊन आला.

"दादा, पडदा नाही तो. भिंतीवर रंगवलाय. झडपा भिंतीवर ठोकल्यात. मागे खिडकीच नाही."

चिमणच्या चहाच्या दुकानात रोज तोच विषय.

"तोफ आहे आत," चिमण म्हणायचा. "दमणवर डागायला."

"अरे, पण तोफेला तोंड कुठाय?"

"वेळ आली की फुटेल."

कुणी म्हणायचं चोरटं सोनं, कुणी म्हणायचं बिनतारी यंत्र. एकदा सुकऱ्या तिथे बसला होता. तलासरीकडचा माणूस, गवताची गाडी घेऊन यायचा. बोलायचा कमी. त्या बांधकामावर त्याने दगड वाहिले होते.

"मी आत गेलोय," तो म्हणाला. "भिंत बैलगाडीएवढी जाड. आत सगळं घरासारखं केलंय. चूल आहे, सिमेंटची. पाटा आहे, सिमेंटचा. फळीवर थाळ्या लावल्यात, त्याही सिमेंटच्या. दार एक. अडसर बाहेरून."

"बाहेरून? मग चोराला कसा अडवणार?"

"चोरासाठी नाही तो, चिमणशेठ. आणि घराचं सोंगही आपल्यासाठी नाही. आत जे ठेवलंय, त्याला वाटावं आपण घरात आहोत… त्याने घरातल्यासारखं वागावं, म्हणून ते."

"काय ठेवलंय?"

सुकऱ्याने बशीतला चहा संपवला. "ते आणलं त्या दिवशी आम्हाला लवकर सुट्टी दिली होती," म्हणाला, आणि बैलांकडे गेला.

चिमण हसला. आम्हीही हसलो. पण त्या दिवशी उशिरापर्यंत कुणी बसलं नाही.

त्या हिवाळ्यात बागवाल्याने घरालगतचे तीन ताड काळूला दिले. पहिल्या सांजेला तो मडकी बांधायला गेला. समोर घर दिसलं की आमच्या तोंडून हाक जातेच, ती काही विचारून जात नाही. घरी आला तो हसतच.

"दादा, त्या घराने आज थाळी वाजवली."

"काहीतरीच काय."

"तुझी शपथ. गावातल्या बायकांपेक्षा लवकर वाजवतात."

मी म्हटलं, ते ताड सोड. तो म्हणाला, रस गोड आहे रे, आणि माणसं रीत पाळतात. मी विचारलं, "उतरल्याची देतोस ना?"

"देतो की. तू शिकवलंस ना." मग जरा थांबून म्हणाला, "हाक दिली की आतून दाराशी काहीतरी घासतं. रोज थोडं जवळ."

थोरल्या भावाला बरं वाटलं, धाकटा शिकवलेलं विसरला नाही म्हणून. त्या घासण्याचं मी मनावर घेतलं नाही. अजून छातीत सलतं ते.

पाचव्या सांजेला काळू आला नाही. हिराबाईने दोन्ही हाका ऐकल्या होत्या, चढल्याचीही आणि उतरल्याचीही. मडकी वर नीट बांधलेली होती. बुंध्याशी दोर गुंडाळून ठेवलेला, त्यावर कोयता. पावलं बुंध्यापासून ओट्यापर्यंत गेलेली, काळूची एकट्याची. परत येणारी नव्हती. दाराचा अडसर जागच्या जागी, गंजलेला. आम्ही सात-आठ जणांनी ओढून पाहिला, केसभर सरकला नाही. गावाने म्हटलं, दर्यात गेला असेल. काहीतरी म्हणायला तर हवं.

बाराव्या दिवशी जमुनाच्या माहेरच्या बायका तिच्या बांगड्या फोडायला आल्या. जमुनाने हात पदराखाली घेतले. माझ्यासमोर ती कधी मान वर करायची नाही. त्या दिवशी सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, एवढंच कळू द्या. तो आहे की नाही? नसला तर मी माझ्या हाताने फोडीन."

मी म्हटलं, "बघून येतो."

त्याच सांजेला गेलो. घराला दार होतं पण उघडत नव्हतं, म्हटलं वरून तरी दिसेल. चिकूच्या बागेत सावल्या दाट झाल्या होत्या. पिकून पडलेल्या चिकूंचा आंबूस वास, आणि त्याखाली ओल्या सिमेंटचा. ते घर बांधून चार वर्षं झाली होती, सिमेंट ओलं कसं राहील? मी काळूच्याच दोराने पाय बांधले. आणि बघा, पन्नाशी उलटलेला माणूस, चाळीस वर्षांची सवय… हाक निघून गेली.

"चढतोय होऽऽ!"

लगेच आतून टोला पडला. थाळीचा आवाज नव्हता तो. थाळीसारखा आवाज होता. दगडाने थाळीची नक्कल करावी, तसा.

तेव्हाच परतायला हवं होतं. पण जमुनाला शब्द दिला होता. मी चढलो. एकेक हात, एकेक पाय. शेंड्याला पोहोचलो तेव्हा दर्यावर थोडा लाल उजेड उरला होता. वरून पाहिलं तर कौलं म्हणजे नुसती टोपी. कडेकडेने लावलेली. मधे सिमेंटचं सपाट छत, आणि त्यात विहिरीसारखा एक चौकोन, वर लोखंडी जाळी.

जाळीखाली माणसं उभी होती.

दाराकडे तोंड करून. अंगाला अंग लावून, ओळीने. बायका दाराआड थांबतात ना, ताडवाला उतरेस्तोवर, तशी. एकही हलत नव्हतं. किती होती, मोजवलं नाही. खांदे सगळ्यांचे एका उंचीचे. फक्त सर्वांत मागचा थोडा बुटका होता, आणि त्याच्या खांद्यावर काळूचा लाल पंचा होता.

"दादा…"

आवाज काळूचाच. मान मात्र त्याने वळवली नाही.

"हो रे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"उतर ना… दमशील."

मी झाडाला मिठी मारून बसलो. खालून पुन्हा आलं, अगदी मायेने.

"उतरलास की हाक दे… विसरू नको, दादा… सगळे थांबलेत."

तेव्हा मला सुकऱ्याचं बोलणं उलगडलं. आतल्यांना वाटत होतं, आपण घरात आहोत. म्हणून ती माणसं रीत पाळत होती. चढल्याची हाक आली की आत जायचं. आणि उतरल्याची आली की…

मी डोक्याचा फडका दातांत घट्ट धरला आणि खाली आलो. पाय जमिनीला लागले तशी हाक गळ्यापर्यंत आली, सवयीने. मी ती गिळली. मागे टोला पडला. मी चालू लागलो. पुन्हा टोला. विचारत असल्यासारखा. उतरलास का… उतरलास का…

जमुना दारात उभी होती.

"आहे?"

खोटं बोलायला हवं होतं. मला येत नाही. म्हटलं, "आहे."

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग हाक द्या."

"नाही देणार."

"माझा नवरा आहे तो, दादा."

"तो एकटा नाही गो, जमुना."

"बाकीच्यांशी मला काय करायचंय?"

ती आत गेली. त्यानंतर तिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. बांगड्या मात्र हातात ठेवल्या. हिरव्या.

पुढच्या वर्षी दमण मोकळं झालं. तोफ काही उडाली नाही. चिमण म्हणाला, दुसरीकडे हलवली असेल. त्या घरातून रोज सांजेला टोले येत राहिले. गाव म्हणायचं, कुणीतरी लाकडं फोडतंय. मी चढत होतो ते लांबचे ताड, पण कुठल्याही झाडाखाली उभं राहून "उतरलो" म्हणायची मला भीती, वारा ती हाक तिकडे नेईल म्हणून. उतरल्याची द्यायची नाही, मग चढल्याची तरी कशी देणार? बिनहाकेचा चढायचो. हिराबाई भर वाडीत म्हणाली, "म्हातारपणी डोळे फिरले याचे!" मी ऐकून घेतलं. सहा हिवाळे ऐकून घेतलं.

आणि सहा वर्षं जमुना रोज सांजेला अंगणात बोंबील उलटत बसायची, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मला वाटायचं, देवाचं नाव घेते.

गेल्या सोमवारी सांजेला मी माझ्या दारात मडकी पुसत होतो. चिकूच्या बागेकडून हाक आली.

"उतरलो होऽऽ!"

आवाज माझा होता. माझा घोगरेपणा, माझा शेवटचा हेल, हेलानंतरचा माझा खोकलासुद्धा. मी स्वतःच्या तोंडाला हात लावून पाहिला. तोंड मिटलेलं होतं.

टोले थांबले. सहा वर्षांत पहिल्यांदा थांबले. मग बागेतल्या वाटेवरून जमुना येताना दिसली, पदर खांद्यावर, हसत. सहा वर्षं ती पुटपुटत होती, ते देवाचं नाव नव्हतं. मागे वळून बघत बघत येत होती. मागे वाट रिकामी होती.

तर काल चुना घेऊन मी तिच्या झोपडीपुढे थांबलो, ते यासाठी. कोंबड्या नव्हत्या. अंगणातल्या काठ्यांवर मासळी नव्हती. सांज झाली तरी छपरातून धूर नाही. दाराला ती जुन्या लुगड्याचा पडदा लावते. वारा असा होता की माझ्या डोक्याचा फडका उडत होता.

पडदा हलत नव्हता.

"जमुना," मी म्हटलं, "बरी आहेस ना?"

पडद्याच्या कडेने एक हात बाहेर आला. हिरव्या बांगड्या भरलेला. हात हलला, बांगड्या वाजल्या नाहीत.

"आलाय तो, दादा…"

"एकटाच ना?"

हात आत गेला. ओल्या सिमेंटचा वास आला. मी तसाच उभा होतो. जवळपास ताड नाही, हातात दोर नाही, चुन्याची पिशवी तेवढी होती. हाक मी दिली नव्हती, तुम्हाला सांगतो, ओठसुद्धा हलवले नव्हते.

आतून टोला पडला. पुष्कळ थाळ्यांवर, एकाच वेळी.

जमुनाकडे थाळ्या दोनच आहेत.