हजारामागे दहा माणसं कमी

पोरगी रडलीच नाही. डोळे घट्ट मिटून घेतले ते तिला मांडीवर धरून बसलेल्या फुलवंताने.

एकोणीसशे बत्तीसचा हिवाळा होता. तापीच्या दक्षिण काठावरच्या नंदुरबार तालुक्यातल्या त्या गावात देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा सरकारी माणूस, आला की बायका पोरांना तुरीच्या शेतात लपवायच्या. फुलवंता मात्र आपण होऊन चावडीवर आली होती. मांडीवरची पोर तिची नव्हती. वर्षापूर्वी वारलेल्या थोरल्या बहिणीची, शांतीची होती, आणि या पोरीच्या बाबतीत फुलवंताला कसलाच धोका पत्करायचा नव्हता.

देवी काढणारा नवा होता. चोवीस-पंचवीसचा, अंगावर सरकारी कोट, पण कोटाच्या बाह्या आखूड. रतिलाल त्याचं नाव. त्याने सुई दिव्यावर धरली, पुसली, पोरीच्या दंडावर टोचली, आणि मग फुलवंताकडे पाहिलं.

“सुई पोरले लागनी. डोया तुम्ही काबर मिटात?”

सरकारी माणूस कचेरीतली मराठी बोलेल असं तिला वाटलं होतं. हा तर घरची अहिराणी बोलत होता. तिने एक डोळा उघडला.

“तुम्हना हात कापी ऱ्हायंता... म्हनीसन.”

ओट्यावरच्या बायका हसल्या. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. हात खरंच थरथरत होता. तिची पाळी येईपर्यंत मात्र तो अगदी स्थिर होता, असं पुढे बसलेल्या म्हातारीने नंतर गावभर सांगितलं.

आठवड्याने देवी उठल्या की नाही ते पाहायला यायचं, हा नियम होता. तो आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात यायचा नियम नव्हता. तरी आला. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी तपासणं हेही त्याचंच काम, आणि ते पुस्तक असायचं पोलीस पाटलाकडे. पोलीस पाटील म्हणजे रूपचंद, फुलवंताचे वडील. तेव्हा ओसरीवर बसायला कारण मिळालं. बसलं की तहान लागायची. तांब्या फुलवंता आणायची. तो घोट घोट प्यायचा, मग आणखी मागायचा...

“इतलं पानी पितस,” तिसऱ्या तांब्याला ती म्हणाली, “पोट शे का तापी?”

तो ठसकला. आतून प्रमिलाबाईंनी, फुलवंताच्या आईने, लेकीला हाक मारली. पण त्या हाकेत राग नव्हता. मुलगा आपल्यातलाच, गुजर, नदीपलीकडच्या शहाद्याकडच्या गावचा, घरी विधवा आई, नोकरी सरकारी, हे सगळं प्रमिलाबाईंनी केव्हाच विचारून ठेवलं होतं.

अडलं एकाच गोष्टीवर. त्याची नेमणूक पुढच्या महिन्यापासून नवापूर तालुक्यात होती, मुक्काम विसरवाडीला.

तापीकाठच्या घरांमध्ये नवापूर हे नाव हलक्या आवाजात घेत. तिकडे साग होता, बांबू होता, पैसा होता, आणि ताप होता. तिकडचं पाणी लागतं, असं सगळे म्हणत. शांतीला विसरवाडीच्या लाकडाच्या व्यापाऱ्याला दिलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती तान्ह्या पोरीसह बैलगाडीतून माहेरी आली आणि चार-सहा दिवसांत गेली.

“तठे मी पोर देवाव नही,” रूपचंद म्हणाले. “एक दिधी. ती गाडामा पडीसन उनी.”

रतिलाल त्या दिवशी उठून गेला. पण तो आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस होता. पुढच्या खेपेला तो जिल्ह्याच्या कचेरीतून छापील तक्ता घेऊन आला. प्रत्येक तालुक्यात वर्षाला हजारामागे किती माणसं मेली ते त्यात होतं. त्याने रूपचंदांसमोर बोट ठेवलं : शहादा इथे, नवापूर इथे. नवापुरात शहाद्यापेक्षा हजारामागे दहा माणसं कमी मेली होती. मागच्या वर्षीही तसंच, त्याच्या मागच्या वर्षीही तसंच. लोक घाबरतात ते रान पाहून, तो म्हणाला. शांतीबाईंचं नशीब वाईट, पण त्यावरून अख्खा तालुका वाईट ठरत नाही.

रूपचंदांनी वीस वर्षं आपल्या गावची मरणं लिहून वर धाडली होती. त्यांचं पुढे काय होतं, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. ते बराच वेळ तक्ता न्याहाळत राहिले. मग त्यांनी आत पाहून नारळ आणायला सांगितला.

दाराआड फुलवंताने पोरीला इतकं घट्ट धरलं, की ती एवढीशी पोर कुरकुरली.

पुढचे दिवस हलके गेले. तो आला की तिला मुद्दाम तक्त्यातली भाषा ऐकवायचा. आपल्या गावात हजारामागे एकच मुलगी अशी आहे, जी सरकारी नोकराला तापी म्हणते... ती म्हणायची, हजार मुली मोजून पाहिल्यात का? मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल.

एका दुपारी वर्षाची बेरीज करायला तो मृत्यूचं पुस्तक उघडून बसला. रूपचंद शेतात होते. फुलवंता तांब्या घेऊन आली तेव्हा तो एका पानावर बोट ठेवून बसला होता. तिने तांब्या ठेवला. त्याने हात लावला नाही.

पानावर शांतीचं नाव होतं. कारण : ताप. खाली गावातल्याच दुसऱ्या घरची एक लेक, तीही नवापूरकडे दिलेली. त्याखाली सागतोडीला गेलेले दोघं भाऊ. साऱ्यांचं कारण एकच.

त्याने तिला समजावून सांगितलं. आवाज अगदी कोरडा होता. नवापूरकडे माणूस तापाने पडला की त्याला गाडीत घालून त्याच्या गावी धाडतात. सून असेल तर माहेरी. मरण येतं ते इकडे. जिथे मरण तिथे नोंद. म्हणून शहाद्याचा आकडा फुगतो, नंदुरबारचा फुगतो, आणि नवापूर निरोगी दिसतं. डोंगरातल्या पाड्यांवर जे मरतात, त्यांना तर कुणी लिहीतच नाही.

“शांतीले आपला गावमा मोजं,” तो म्हणाला. “आनि मी तोच आकडा दाखाडीसन तुले मांगी लिधं.”

फुलवंता खाली बसली. आत पोर झोपली होती. ओसरीवरच्या उन्हात मिरच्या वाळत होत्या आणि त्यांचा झोंबरा वास नाकात जात होता. ती सावकाश म्हणाली,

“आबाले सांगू नका.”

“फुलवंता...”

“माले माहीत शे तठे काय शे. तिना तोंडमा शेवटलं पानी मीच घालं. तरी मी येस.”

“आनि उद्या तू गाडामा पडीसन उनी ते?”

“ते माले चाली.”

“माले चालाव नही,” तो म्हणाला.

तिने तांब्या परत उचलला. हा माणूस तिला नको म्हणत नव्हता, इतकं तिला कळत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. नको म्हणाला असता तर भांडता आलं असतं.

संध्याकाळी रूपचंद आले तेव्हा त्याने सगळं सांगितलं. रूपचंदांनी पुस्तक मांडीवर घेतलं. शांतीच्या नावावरून त्यांचं बोट दोनदा फिरलं. “मन्हाच हातनं लिखेल शे,” एवढंच ते म्हणाले.

नारळ परत झाला नाही, पण लग्नही ठरलं नाही. बदली करून घ्या, मग या, असा निरोप प्रमिलाबाईंनी दिला. मुलगी सासूजवळ ठेवून तो एकटा तिकडे गेला तर, असंही एकदा निघालं. पण रूपचंदांच्या मते मेलेली लेक घरी येणं आणि विधवा लेक घरी येणं यात फार फरक नव्हता. नोकरी सोडावी तर रतिलालच्या आईची चूल त्याच पगारावर पेटत होती. त्याने बदलीचा अर्ज केला. वरून उत्तर आलं, की निरोगी तालुक्यातून बदली मागण्याचं कारण समजत नाही.

तो विसरवाडीला गेला.

फुलवंताचं गाव नदीच्या उतारावर, नाव लागते त्या जागी होतं. नवापूरकडून शहाद्याला जाणाऱ्या गाड्या तिथेच नावेसाठी थांबत. भिला नावाचा एक गाडीवान महिन्यातून एकदा यायचा. तो निरोप आणायचा, तोही सरळ नाही. देवी काढणारा विचारतो, पोरीच्या दंडावर वण राहिला का? फुलवंता म्हणायची, राहिला, मोठा आहे, ज्याने केला त्याने येऊन पाहावा. पुढच्या खेपेला भिला सांगायचा, की साहेब हसले. आता ते पाड्यापाड्यांवर फिरतात, कोण मेलं ते विचारतात, लिहून वर पाठवतात. या वर्षी नवापूरचा आकडा खरा येणार आणि मग बदली मागायला तोंड राहील, म्हणतात.

पावसाळ्यात निरोप थांबले. प्रमिलाबाईंनी शहाद्याकडचा दुसरा मुलगा पाहिला, शांतीलाल नावाचा, घरी पंचवीस एकर कापूस. फुलवंता हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पोर आता घरभर पळत सुटायची. तिच्यामागे धावण्यात दिवस जात होता.

कार्तिकात भिलाची गाडी आली.

गाडीवर छप्पर बांधलं होतं. फुलवंताने ते दुरूनच पाहिलं. शांतीची गाडी अशीच होती. भिला तिच्याकडे न पाहता बैल सोडू लागला. विसरवाडीच्या लोकांनी दोन दिवस वाट पाहिली, तो म्हणाला, मग आईकडे पोचवायचं ठरवलं. तापावरचं कोयनेल होतं साहेबांजवळ. पण पोटात काही ठरत नव्हतं.

ती आत चढली. गवतावर रतिलाल पडला होता. कोटाच्या बाह्यांतून बाहेर आलेली मनगटं काठीसारखी झाली होती. त्याने डोळे उघडले, तिला ओळखलं, आणि पहिली गोष्ट काय बोलला तर...

“माले परत ली जाय. नदीपल्याड मरनू ते आकडा परत चुकी.”

“चुकू द्या.”

नाव लागली होती. भिलाने आणि नावाड्याने त्याला उचलून आत ठेवलं. फुलवंता मागोमाग नावेत चढली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. उतारावर माणसं जमली होती. लग्न न झालेली मुलगी परक्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते, ही गोष्ट रात्र व्हायच्या आत शांतीलालच्या घरी पोचणार होती. प्रमिलाबाई धावत आल्या, कमरेवर शांतीची पोर, आणि काठावर थांबल्या. रूपचंद आधीच तिथे उभे होते. बायकोने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची नजर नावेवर होती.

नावाड्याने बांबू टेकला. पाणी संथ होतं. मध्यावर आल्यावर रतिलालने विचारलं,

“लगीन झायं का तुन्हं?”

“झायं.”

त्याने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने ओठ हलले.

“कोनासंगे?”

“देवी काढनारा शे एक,” ती म्हणाली. “आजारी शे. त्याले घर ली चालनू.”

त्याचा चेहरा हलला. हसूच होतं ते. त्याची बोटं तिच्या लुगड्याच्या काठाभोवती वळली आणि तशीच राहिली. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ भाजत होतं. तिने हात काढला नाही. वारा नव्हता, फक्त बांबूचं पाणी टपटप गळत होतं. हळूहळू कपाळ निवत गेलं. आधी तिला बरं वाटलं. मग कळलं.

नाव पलीकडच्या काठाला टेकली. भिला उडी मारून उतरला आणि उचलायला वाकला. तिने मान हलवली : थोडं थांब. भिलाने तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतले.

फुलवंताने मागे वळून पाहिलं. गावाकडच्या काठावरची माणसं पांगली होती. रूपचंद तेवढे उभे होते. त्यांनी हाक मारली नव्हती, हात केला नव्हता. पण ते घरीही गेले नव्हते.