उजवीकडून गोल

ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण खण्णकन वाजलं. ॲमंडा आत्ताच कुठे झोपली होती. घरात नुसता एसीचा श्वास... आणि वरच्या मजल्यावर पुन्हा — धप्!

गाऊनवर ओढणी टाकून मी तशीच वर गेले. दुबईत करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो फ्लॅट बॅचलर लोकांचा. दार उघडलं ते अनवाणी, घामाघूम, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या एकाने.

"मेरी बच्ची सोई है. आप ऊपर कूट क्या रहे हो?"

"सॉरी मॅडम... डान्स."

त्याचं नाव थिनले. भूतानचा, इथे हॉटेलात बेकर. त्याच्या गावात दरवर्षी त्शेचूचा सण असतो. मठाच्या अंगणात मुखवटे घालून नाचतात, आणि प्रत्येक घराने एक नाचणारा द्यायचाच. वडिलांचे गुडघे गेले, म्हणून यंदा पाळी ह्याची. हातात तीन आठवडे, गुरू म्हणजे मोबाईलमधला व्हिडिओ.

"चुकलात तरी मुखवट्यात कोणाला कळतंय?" मी हिंदीत विचारलं.

"पूरे गाँव को पता होता है, अंदर किसका बेटा है."

मी त्याला ॲमंडाची एबीसीडीची फोमची चटई दिली. दुसऱ्या दिवशी ॲमंडा उठल्यावर, आवाज अजून येतो का ते बघायला तिला घेऊन वर गेले. तो खालूनच ऐकायचा असतो, हे जिन्यात लक्षात आलं. तरी गेलेच.

थिनले व्हिडिओसमोर उभा राहून, आरशात पाहावं तसा नाचत होता. तिकडचा उजवा तो ह्याचा डावा.

"अहो, ते उजवीकडून गोल फिरतायत. तुम्ही उलटे!"

त्याचा चेहराच उतरला. "उल्टा घूमना तो पाप है, हेझल!"

"नाव... कुठून कळलं?"

"आपकी बेल पे लिखा है. रोज पढ़ता हूँ."

मग मीच व्हिडिओ बघून पावलं शिकले. मी पुढे, त्याच्याकडे पाठ करून. तो मागे. वाकायचं, एक पाय उचलून थांबायचं, सावकाश वळायचं. वसईच्या लग्नांत बँडवर नाचलेले माझे पाय पहिल्यांदाच एवढे हळू चालले.

"पीछे मत देखो, ताल छूटता है."

"मी कुठे बघतेय?"

"फिर मेरा ताल क्यों छूटा?"

ॲमंडाचे डॅडी दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेले ते गेलेच. कोर्टात घटस्फोटाचंही खलास झालं. तेव्हापासून माझ्यामागे असं कुणी उभं राहिलं नव्हतं.

गावी निघायच्या दुपारी तो बॅग घेऊन आमच्या दारात आला.

"पापा बोलते हैं, अब उधर ही रहो. हर साल घर से एक आदमी चाहिए."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी चौकट घट्ट धरली.

"हर साल जाओ ना. महिनाभर नाचो. पण बाकीचे अकरा महिने... इकडे या. माझ्याकडे."

"मतलब... नीचे वाले फ्लॅट में?"

"हं."

तो कानांपर्यंत लाल झाला. "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको! दुबईत आठ वर्षं ऐकतेय मी ते. हो की नाही सांगा."

"हो," तो म्हणाला. चक्क मराठीत. मग माझं चौकटीवरचं बोट न् बोट हलकेच सोडवून हात हातात घेतला... आणि यल्ला, यल्ला, चला चला म्हणत लिफ्टकडे पळाला.

लिफ्टचं दार मिटलं. मी अजून आपली हसतच होते, तेवढ्यात ॲमंडाने माझी ओढणी ओढली.

"मम्मा, व्हेन ही कम्स बॅक... व्हॉट डू आय कॉल हिम?"