कुंडावर सोडलेल्या चपला

श्रीनाथनं बायकोला बेट दाखवायला न्यायचं ठरवलं त्यात थोडी लाचलुचपत होती, हे आधीच सांगितलेलं बरं. साल छप्पन. मध्यभारत मोडून नवं राज्य व्हायचं होतं, कचेऱ्या भोपाळकडे निघाल्या होत्या, आणि महसूल खात्यातल्या या कारकुनालाही दिवाळीच्या आत तिथं हजर व्हायचं होतं. भोपाळात बिऱ्हाडाला जागा मिळेना, म्हणून आपण एकट्यानं जायचं आणि विनोदिनीनं उज्जैनलाच राहायचं, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. विनोदिनी अलिबागची. दूधवाल्याशी हिंदी बोलायची वेळ आली तरी तिला घाम फुटायचा. "मला इथं एकटीला सोडून जाऊ नका," एवढंच ती रोज म्हणायची, आणि श्रीनाथ रोज विषय बदलायचा. त्याच्या बिस्तऱ्याचा पट्टा तुटला होता, तोसुद्धा ती मुद्दाम शिवत नव्हती.

रविवारी दुपारी तो म्हणाला, "चल, तुला बेट दाखवतो."

"उज्जैनला? बेट?"

"अगं, कालियादेहला शिप्रा दोन अंगांनी वाहते, मधे महाल. राजेलोक हवा खायला यायचे. एकदम बढिया जागा आहे, तू बघ तर!"

अलिबागला ओहोटीच्या वेळी पाण्यातल्या किल्ल्यावर चालत जाणारी पोर ती, बेट म्हटल्यावर तिचा रुसवा पळाला. शेजारच्या शैलावहिनींची लेडीज सायकल मागून आणली. फ्रीगंजातून देवास गेट, मग जुनं गाव, मग भैरवगढ. कापड छापणाऱ्या छिप्यांनी वाळत घातलेल्या कापडांच्या रांगांमधून ती पुढे जात होती आणि कारण नसताना घंटी वाजवत होती. श्रीनाथला तिचा फार अभिमान वाटला, आणि लाजही वाटली.

महाल बंद होता. त्यांनी सायकलींवरूनच बेटाला फेरा घातला. दगडी पाटांतून पाणी खेळत होतं, एका कुंडातून दुसऱ्यात पडत होतं, आणि त्या आवाजात आणखी कसला आवाज मिसळलाय की काय, असं सारखं वाटत होतं. फरशीवर शेवाळ होतं. विनोदिनीनं तोल सावरायला पाय टेकला, आणि तिची एक चप्पल घसरून पाटात पडली ती गेलीच. दोघंही खूप हसली. पण लोखंडी पायडल अनवाणी तळव्याला बोचू लागलं तेव्हा तिचं हसू थांबलं.

"तू थांब. मी बघतो काही तरी."

तो पायऱ्या उतरून कुंडाशी गेला. सर्वपित्री अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. पायऱ्यांवर लुगडी, धोतरं, पोलकी, चपला, सगळं ओलं, कुबट वासाचं, तसंच पडलेलं. श्रीनाथ उज्जैनचाच, त्याला ठाऊक होतं. बाधा झालेल्या माणसाला इथं न्हाऊ घालतात, अंगावरचं आणि पायातलं इथंच सोडतात, आणि मागे न बघता घरी जातात. लहानपणी आईनं त्याला या पायऱ्यांवरून डोळे झाकून नेलं होतं. पण आता तो बी.ए. होता. त्यानं त्यातल्या त्यात धड असा एक जोड उचलला. एका चपलेचा अंगठा तुटला होता, पण कुणी तरी लाल दोऱ्यानं बारीक, आडवे-उभे टाके घालून जपून शिवला होता.

"चौकीदाराच्या घरून मागून आणल्या," तो विनोदिनीला म्हणाला.

तिनं पाय घातले. अगदी मापाच्या निघाल्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग सायकलवर बसली.

पूल ओलांडल्यावर गावाचा रस्ता सोडून तिनं भलतीकडेच सायकल वळवली. श्रीनाथनं हाका मारल्या. ती सावकाश पायडल मारत होती, तो जिवाच्या करारावर मारत होता, आणि तरी दोघांतलं अंतर कमी होत नव्हतं. ज्वारीच्या शेतांमधून पायवाटा फुटत होत्या. ही बाई, जिला फ्रीगंजातल्या टॉवरपासून घर एकटीनं सापडत नव्हतं, ती प्रत्येक फाट्याला न थांबता वळत होती. वाटेवरचं कुत्रं तिला बघून भुंकलं नाही, शेपूट घालून बांधाखाली सरलं. घंटी एकदाही वाजली नाही. आता ही आपल्या हातून गेली, असं श्रीनाथला स्पष्ट वाटलं.

एका खेड्याच्या टोकाच्या घराशी ती उतरली. सायकल तिनं पडू दिली. दारावर दोन्ही तळवे ठेवून ती बोलली, आणि आवाज तिचा नव्हता. थकलेला, घोगरा, आणि शुद्ध माळवी.

"किवाड़ खोलो... म्हारे घरे आनो हे..." दार उघडा, मला घरी यायचंय, असं ती विनवत होती.

दार किलकिलं झालं. कंदील धरलेला एक म्हातारा. त्यानं आधी तिचं तोंड पाहिलं, मग कंदील खाली नेला. लाल दोरा दिसताच तो एक पाऊल मागे सरला.

"ये क्या उठा लाए, बाबूजी... मैंने ही सिली थी अपनी बेटी के लिए... मैं तो इसको कुंड पे छोड़ आया था... पीछे मुड़ के भी नहीं देखा..."

आतून एका तरुण पोरीची किंकाळी आली. म्हाताऱ्यानं दार लोटलं, अडसर घातल्याचा आवाज झाला.

विनोदिनी दाराला कपाळ टेकून रडायला लागली. जत्रेत हरवलेलं पोर रडतं तसं. श्रीनाथला भीतीच्याही आधी तिची दया आली. मग तो भानावर आला, खाली बसला, तिच्या पायांतून चपला ओरबाडून काढल्या आणि बाजूच्या नाल्यात भिरकावल्या.

"अहो..." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "आपण कुठं आलो? माझे पाय का दुखतायत?"

"रस्ता चुकलो," तो म्हणाला.

घरी पोचेपर्यंत तिनं अलिबागच्या गोष्टी सांगितल्या. नेहमीच्या, पूर्वी सांगितलेल्या. श्रीनाथनं त्यातली प्रत्येक जीव ओतून ऐकली. फ्रीगंजात दिवे लागले होते. घरात शिरल्या शिरल्या तो मागच्या अंगणात नळावर गेला आणि चिखल गेल्यावरही किती तरी वेळ हात धूत राहिला. आत स्वयंपाकघरात भांड्याची बारीकशी हालचाल ऐकू आली, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

"अहो," आतून विनोदिनीचा आवाज आला. "मला इथं सोडून नाही ना जाणार?"

या वेळी त्यानं विषय बदलला नाही.

"नाही गं. कुठंही गेलो तरी तुला घेऊन जाईन. आईशपथ."

"परत कुठं सोडणार नाही ना?"

"कधीच नाही."

आत कुणी तरी समाधानानं उसासा टाकला. श्रीनाथ पंचाला हात पुसत मधल्या खोलीत आला, आणि त्याच वेळी पुढचं दार ढकलून विनोदिनी घरात आली. अनवाणी, पदरानं घाम पुसत.

"वहिनींची सायकल देऊन आले. त्यांनी बसवूनच घेतलं बाई. अजून दिवा नाही लावलात?"

श्रीनाथनं नुसतं स्वयंपाकघराकडे बोट केलं. ती कंदील लावून आत गेली, सगळीकडे फिरवून परत आली.

"कोणी नाही. मांजर असेल." मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या बिस्तऱ्याकडे गेलं. तो गुंडाळून, आवळून, प्रवासाला तयार ठेवलेला होता. तिचा चेहरा पडला.

"एवढी घाई झालीय का तुम्हाला जायची? पट्टासुद्धा शिवून टाकलात..." ती वाकली, टाक्यांवरून बोट फिरवलं. "पण अहो, आपल्या घरात लाल दोरा कुठं होता?"