घाण चालू ठेवायची की बंद

तिने दार उघडलं तेव्हा तो मायक्रोफोनसमोर वाकून भिजवलेला पाव बादलीत ओतत होता आणि घशातून असा काही आवाज काढत होता, की तिला उभ्या उभ्या मळमळलं.

“सॉरी… मीटिंगची खोली समजून आले.”

“थांबा ना. खरं वाटतंय का?”

“खरं वाटतंय, म्हणूनच चाललेय.”

तो हसला. हसणं बरं होतं, हे तिने जाता जाता पाहून घेतलं.

संगणकावरचे खेळ बनवणारी कंपनी एकच, दोघांचे मजले वेगळे. खेळ संसाराचा : घर बांधा, माणसं पोसा, त्यांची लग्नं लावा. त्याला जोडायचा नवा भाग याच्या डोक्यातून निघालेला. ओकारी, उवा, तुंबलेला संडास, सगळं साग्रसंगीत. ही घाण सुरुवातीपासून चालू ठेवायची, की कुठेतरी आत बटणामागे बंद करून टाकायची, हे ठरवायचं काम तिचं. आतलं बटण कोणी शोधत नाही. त्याचं काम असं अडगळीत गेलं, तर दुसऱ्या शहरातल्या कंपनीने त्याला बोलावलेलंच होतं. दोघांनाही हे ठाऊक होतं.

तरी तो तिच्या टेबलापाशी घुटमळायचा.

“उवा कशा वाटल्या?”

“छान आहेत. बंद करणार आहे.”

“निदान एखादी मारून तरी बघा.”

“माझ्या आईने माझ्या इतक्या मारल्यात, की हौस फिटली.”

तो तिला आवडायला लागला होता. पण बाईंचा स्वभाव असा, की साधी सर्दी झाली तरी रजा टाकून फोन बंद. ज्याच्याशी लग्न ठरत आलं होतं, त्या माणसानेही तिला कधी विस्कटलेल्या केसांनी पाहिलं नव्हतं. तो सोडून गेला तेव्हाही ती नीटनेटकीच होती.

तपासायची रीत ठरलेली. एकच जोडपं, एकच घर. एकदा घाण बंद ठेवून खेळायचं, एकदा चालू. बंद घरातली दोघं जेवली, हसली, कामाला गेली आणि एकमेकांच्या शेजाऱ्यांसारखी म्हातारी झाली. चालू घरातली बायको आजारी पडली, तसा नवरा मोरीत फतकल मारून बसला आणि ओकणाऱ्या बायकोचे केस मागे धरून राहिला. हे करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ती ते पुन्हा पुन्हा बघत राहिली. तिला रडू आलं, आणि चित्रातल्या ओकारीवर रडतोय म्हणून स्वतःचा रागही आला.

संध्याकाळी ती खाली त्याच्या खोलीत गेली.

“घाण बंदच राहणार.”

त्याचा चेहरा पडला. “बरं.”

“ऐका तर. ज्याला किळस येते त्याच्यावर लादायची नाही. पण बटण लपवायचंही नाही. खेळ सुरू होतानाच विचारायचं, चालेल का म्हणून.”

“हे चांगलंय… म्हणजे मी राहू?”

ती एका दमात म्हणाली, “मला ताप आला की मी भयंकर होते. नाक गळतं, केस विंचरत नाही, येईल त्याच्यावर खेकसते. आजवर कुणाला दाखवलं नाही. तुम्हाला दाखवावं म्हणते… चालेल का?”



“चालेल,” तो म्हणाला. “ताप आला की फोन कर. नाही आला तरी कर.”

शेजारची खुर्ची पावाने चिकट झालेली होती. न पुसताच ती तिच्यावर बसली.