मुबारकच्या घरची थंडी

१९९४च्या श्रावणात, भर दुपारी, चारठाण्याजवळच्या एका वाडीतून महादेवाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला आणि चारच दिवसांत देवळाचा राखणदार मुबारक चावडीत कोंडला गेला. बाहेर जमाव वाढत होता. जीप आली की त्याला परभणीला नेणार होते, पण तो जीपपर्यंत धड पोचेल का, याचीच निवृत्त शिक्षक तात्यारावांना धास्ती होती. पोराला देवळावर त्यांनीच लावलं होतं. म्हणून त्यांनी आपला जुना विद्यार्थी, परभणीचा खासगी गुप्तहेर बन्सीधर, याला तातडीनं बोलावून घेतलं.

पुजाऱ्याच्या बायकोनं, गंगम्मानं, चोर पाहिला होता.

"तोंड बांधलेलं होतं, बाबा. मला खांबाला बांधताना हात लटलट कापायलते त्याचे. दात वाजायलते. एवढ्या उकाड्यात!"

"म्हणजे थंडीताप," फौजदार म्हणाले. "राखणदारावर संशय होताच. दवाखान्याच्या भुजंगला त्याचं रक्त घ्यायला लावलं. काचपट्टीवर एकाआड दिवस येणाऱ्या तापाचे जंतू निघाले. आणि हा म्हणतो, ताप आलाच नाही!"

भुजंग घरोघर फिरून तापकऱ्यांचं रक्त काचेवर घेई. त्यानंच चावडीत पाहुण्यांपुढे चहा ठेवला. त्याच्या डाव्या अनामिकेच्या टोकावर बारीक काळा ठिपका होता.

"तुम्हालाही ताप?" बन्सीधरनं विचारलं.

"छे! कामात सुई लागली. लय गडबड असती आमाला."

मुबारकची आई हलीमाबी शाल लपेटून आपल्या घराच्या दारात बसली होती. "हमारे घर में किसी कू थंडी नै आती, बेटा. मेरे मायके में बी नै, ससुराल में बी नै. दोनों तरफ के हबशी, निजाम की फौज के."

म्हातारीची बढाई ऐकून तात्यारावांना कीव आली. अंगावर शाल, आणि म्हणे थंडी नाही! बन्सीधर मात्र तडक चावडीकडे निघाला.

"अरे, झालं काय?" तात्याराव धापा टाकत मागे धावले.

"गुरुजी, तुमच्याकडे थंडीतापाला नुसतं थंडीच म्हणतात ना?" चावडीत शिरत तो म्हणाला. "मग म्हातारीचं बोलणं नीट ऐका. आपल्या तांबड्या पेशींवर एक कडी असते. सूज आली, जखम झाली की शरीरात रासायनिक निरोप सुटतात. ते ही कडी पकडते. केमोकाइन रिसेप्टर म्हणतात. हे गेल्याच वर्षी उमगलं. पण एकाआड दिवसाच्या तापाचा जंतू तीच कडी धरून पेशीत शिरतो, हे त्याआधीपासून माहीत आहे. आफ्रिकेतून आलेल्या हबशांच्या पुष्कळ घराण्यांत तांबड्या पेशींवर ती कडीच नसते. जंतू शिरणार कुठून?"

"मग काचेवरचं रक्त?" फौजदारांनी विचारलं.

"ज्याच्या हातात काच होती, त्याचं. चोर कापत होता, हे गावभर झालं आणि भुजंग घाबरला. मुबारकचं रक्त पुसलं, स्वतःचं लावलं, मग गोळ्या घेऊन बरा झाला. रक्त डाव्या अनामिकेतून घ्यायची सवय. चुकून लागलेली सुई नेमकी तिथंच कशी लागते?"

"खोटं हाय हे!" भुजंग ओरडला.

"मग दोघांचं रक्त पुन्हा घेऊ, सगळ्यांसमोर. मुबारकचं हैदराबादला पाठवू. ती कडी आहे की नाही, तिथं कळेल."

भुजंगनं दाराबाहेरच्या जमावाकडे पाहिलं. "मुखवटा कडब्याच्या गंजीत हाय," तो पुटपुटला.

तात्यारावांना हायसं वाटलं. कुलूप निघालं, मुबारक बाहेर आला आणि मघाशी ओरडणारी माणसं आता जमिनीकडे बघत वाट सोडू लागली.

"राखणीला येशील न्हवं, लेकरा?" गंगम्मानं विचारलं.

"येतो, अम्मा," मुबारक म्हणाला. "पर कुणीतरी संगं बसा. चोराचं न्हाई, मला गावाचं भ्या वाटायलंय."