मेमरीला ताप

ज्या वर्षी माझ्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. पोरं तेवीस दिवसांची होती. या वयात खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. लेक आणि जावई दोघंही आहेत, विचारा त्यांना. लेक सांगेल. जावई चपला घालून बाहेर निघून जाईल.

मी एकतीस वर्षं इस्पितळात आया होते. पेशंटचं सगळं काढलंय, कधी नाक मुरडलं नाही. हे आधी सांगते, कारण पुढे जे केलं ते मीच केलं.

लेकीच्या घरी दोनच खोल्या. आतल्या खोलीत मी, दोन्ही पोरं आणि जावयाचा गेम खेळायचा कॉम्प्युटर. त्यात त्याने कोणाचं तरी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं होतं. त्या माणसाच्या बायकोने ते दारातच हातात दिलं म्हणे. "यांना आता बसवत नाही," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावई डोकं धरून बसलेला.

"काय झालं रे?"

"आई, मेमरी तापतेय."

"त्याची मेमरी पहिल्यापासून तशीच आहे," लेक बाहेरून म्हणाली. "दूध आण म्हटलं की साबण आणतो."

तो हसला नाही. पडद्यावर बोट ठेवलं. कार्डाच्या मेमरीचं तापमान...

एकशे चार.

गेम बंद होता. पंखे नीट फिरत होते. बाकी सगळं गार.

मला अक्षरं आली बेचाळिसाव्या वर्षी, तीही वॉर्डातल्या तापाच्या तक्त्यांवरून. एकशे चार म्हटलं की मला एकच कळतं.

"अरे, या तापात माणूस बरळतो. गार पाण्याची घडी ठेव."

"आई, हे सेल्सिअस आहे. एवढ्यात पाणी उकळतं. आणि पाण्याचा एक थेंब आत गेला तर माझंच डोकं उकळेल."

तो चहा प्यायला गेला. मी फडकं घट्ट पिळलं आणि कॉम्प्युटरच्या पत्र्यावर ठेवलं. सवय, दुसरं काय.

एकशे तीन...

एकशे दोन...

एकशे एक.

फडकं उचललं आणि हातातून सुटलं.

ते पिवळं झालं होतं. बुळबुळीत. आणि वास... तो वास मला ठाऊक होता. कुशीवर न वळवलेल्या, पाठ न धुतलेल्या माणसाचा. आंबलेला घाम, आणि त्याखाली काहीतरी गोडसर.

जावयाने त्या घरी फोन लावला, बिघडलेलं कार्ड दिलंत म्हणून भांडायला. आवाज मोठा ठेवला होता, मीही ऐकलं.

"ते बोलायच्या स्थितीत नाहीत हो," बाई म्हणाली. "सतरा दिवस ताप एकशे चारच्या खाली येत नव्हता. आत्ता जरा उतरला. म्हणतात, कपाळावर कोणीतरी गार घडी ठेवली."

"चांगलं झालं मग," जावई कसनुसं म्हणाला.

"आम्ही ठेवली नव्हती."

मी पुढे झाले. "बाई, आता किती आहे?"

"एकशे एक."

फोन ठेवल्यावर जावयाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मी ड्यूटी धरली. दर चार तासांनी आकडा लिहायचा, फडकं बदलायचं. मेमरीचा ताप संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. यंत्राला संध्याकाळ कुठली कळायला? पंख्याचा आवाजही बदलला. चालायचा... थांबायचा... मग धाप लागल्यासारखा पुन्हा.

तिसऱ्या दिवशी आकडा शंभरावर आला. त्या माणसाने डोळे उघडून पाणी मागितलं, असं बाईने फोनवर सांगितलं. रडत होती.

पण घाण वाढत होती.

पत्र्याखालून तेल ओघळू लागलं. दाट, पिवळं... त्यात आखूड केस. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत हलवला. तासाभरात तेलाची रेघ उंबरा ओलांडून पाळण्याखाली आली. दुपट्यांना वास लागला. धाकट्याने दूध सोडलं. तोंडाशी नेलं की उलटी.

"आई, तो माणूस त्या बाईचा. पोरं माझी," लेक म्हणाली. "ते साफ करा, नाहीतर मी यांना घेऊन निघाले."

गुरुवारी दुपारी जावयाने कार्ड उघडलं. मेमरीच्या चिपा आणि वरचा धातू यांच्यामध्ये मऊ पट्ट्या असतात, उष्णता धातूत जावी म्हणून. राखाडी आणि कोरड्या असायला हव्यात.

या फुगलेल्या होत्या. पांढरट. प्लॅस्टरखाली महिना काढलेल्या कातडीसारख्या. वर बारीक छिद्रं... आणि छिद्राछिद्रातून पाझरणारं तेल.

जावयाने चिमट्याने एक टोक धरलं.

"काढू?"

थांब म्हणता आलं असतं. आणखी दोन दिवसांत ताप पुरता उतरला असता, मला कळत होतं. मी तोंड उघडलं... आणि तो वास थेट घशात गेला.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला पेशंटची किळस आली.

"काढ," मी म्हटलं. "फेक ती घाण."

पट्टी ताणली गेली, मग सुटली. जखमेवर वाळलेलं बँडेज ओढलं की जो आवाज येतो, तोच आला.

सगळं कागदात गुंडाळून बाहेरच्या कचरापेटीत टाकलं. नव्या पट्ट्या बसल्या. धाकटा तासाभरात दूध प्यायला, शांत झोपला.

जावयाने गेम लावून पाहिला. मेमरी अठ्ठावीस. अर्ध्या तासानेही अठ्ठावीस.

"असं होत नाही," तो म्हणाला. "चालू असताना थोडी तरी तापतेच. ही तर खोलीइतकीच गार आहे."

खोलीइतकी गार झालेली अंगं मी पुष्कळ पुसली आहेत.

आजही नातवाला भरवताना मध्येच बोटं बुळबुळीत लागतात. वास घेऊन बघते. कधी काही नसतं... कधी असतं.

त्याच गुरुवारी संध्याकाळी त्या बाईला फोन मीच केला. कार्डाचा आधीचा मालक दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वारला. एक्केचाळीस वर्षांचा होता.