गेनबाच्या वाटची ओ

ही हकिगत खोटी ठरली तर मला आनंदच होईल. पण ती खरी आहे.

मी गणिताचा मास्तर. आयुष्यभर भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांचे कान पिळले. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

साल १९३७. आश्विन महिना. भोरहून उत्रोलीला जाताना लागणारा एका डॉक्टरांचा खाजगी दवाखाना. आता तिथं काही उरलेलं नाही.

आणि रात्र नव्हती. लख्ख दुपार होती.

माझी सख्खी मावशी, रतनबाई, तिथं नर्स होती. वय बावीस. पुण्याला शिकून आलेली, त्यामुळे जरा तोऱ्यातच असायची. हे तीच सांगायची. दवाखान्याच्या मागे दोन खोल्या होत्या. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाला पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं की घरी सोडायचं, हे ठरेपर्यंत तिथं ठेवत. ठरवायचे डॉक्टर, पण मावशीच्या वहीवरून.

तिचं काम म्हणजे रोज त्या माणसाजवळ बसायचं. नाव, गाव, वार विचारायचा. त्याला आवाज ऐकू येत असतील तर आणखी तीन प्रश्न.

कोण बोलतं? केव्हा? काय करायला सांगतं?

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. माणसाला मोकळं ठेवायचं की बांधून, ते त्याच्यावर ठरायचं.

पानशेतच्या वरच्या एका वाडीतून गेनबाला बैलगाडीत घालून आणलं. हात कासऱ्यानं बांधलेले. दोन्ही कानांत चिखल थापलेला, वाळून दगड झालेला. बरोबर बायको, ठकुबाई. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

"मारतात का हे?" मावशीनं विचारलं.

"तसं न्हाई, बाई. कुनी हाक मारली आन् म्या ओ दिली, का तोंडावर ठोसा घालत्यात. येरवी लई गरीब मानूस."

मावशीनं वहीत लिहिलं, 'विनाकारण हिंसक.'

ठकुबाईला चौथा महिना होता. तिनं मावशीचे पाय धरले. "ह्यांना पुन्याला धाडू नगा. तिकडं गेल्यालं मानूस माघारी येत न्हाई. माज्या लेकराला बाप ऱ्हाऊ द्या."

तीन दिवस गेनबा बोलला नाही. चौथ्या दिवशी मावशीनं कोमट तेल घालून त्याच्या कानांतला चिखल स्वतः काढला. तासभर लागला. मग तो बोलला.

"दुपारी बोलावतो. माज्या नावानं. दोनदाच."

"कोण?"

"दिसत न्हाई."

"काय करायला सांगतो?"

"अजून काय न्हाई. ओ दिल्याबिगर त्यो काम सांगत न्हाई." तो दाराकडं बघू लागला. "माज्या बानं ओ दिली व्हती. त्याच दुपारी त्यानं माज्या आईचं मुंडकं तोडलं. म्या आठ वर्साचा व्हतो. दाराआड हुबा व्हतो."

तिसरी हाक ऐकू आल्याशिवाय ओ देऊ नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मावशीलाही होतं. पण शिकलेल्या बाईनं असलं मानायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात.

पाचवा दिवस. दुपार.

गेनबा भिंतीवर डोकं आपटू लागला. धाड... धाड... भिंतीवर रक्त, केसांचे पुंजके. "बोलावतोय! बोलावतोय!" शिपाई चिमाजी अंगणात जळण तोडत होता. कोयता टाकून तो धावत आला, पण गेनबा त्याला आवरेना.

डॉक्टर संध्याकाळी निर्णय घेणार होते. हे असलं त्यांनी पाहिलं असतं तर गेनबा पुण्यालाच गेला असता. दारात ठकुबाई पदर तोंडात कोंबून उभी.

मावशीला काहीच ऐकू येत नव्हतं. तिला वाटलं, ओ दिल्यानं काही होत नाही, हे याला एकदा दाखवून द्यावं.

ती अंगणात गेली. रिकाम्या अंगणाकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "ओ!"

सगळं थांबलं...

झाडावरचे कावळे गप्प. दावणीचा बैल रवंथ करायचा थांबला.

गेनबाही थांबला. रक्त डोळ्यांत उतरत होतं, तरी तो कान देऊन ऐकत राहिला. "ग्येला," तो म्हणाला. मग मावशीकडे बघून हमसून रडला. "बाई, ह्ये काय क्येलं तुमी?"

तिनं सगळे प्रश्न पुन्हा विचारले. त्यानं एकूणएक उत्तर नीट दिलं. तिनं वहीत लिहिलं, 'आवाज थांबले. घरी सोडण्यास हरकत नाही.' त्या रात्री ठकुबाई पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी जुंपली. गेनबाचे हात मोकळे होते. ठकुबाई अंगणात वाकून बोचकं बांधत होती. मावशी हौदावर हात धूत होती.

"रतन..."

तिनं मागं पाहिलं. कुणी नव्हतं.

"...रतन."

अगदी जवळून. मावशीनं ओ दिली नाही. ती तर आदल्या दिवशीच देऊन झाली होती. पण सवयीनं तिच्या मनात तेच प्रश्न उमटले. कोण बोलतं? केव्हा? काय करायला सांगतं?

तिसऱ्याचं उत्तर आलं.

त्यानंतरचं तिला आठवत नव्हतं. आठवायचं ते थेट ऊन ऊन रक्त, हातावर, छातीवर, तोंडात. तिच्या मुठीत चिमाजीचा कोयता होता. समोर गेनबा. त्याचा डावा हात कातड्यावर लोंबत होता. कोयता मानेत अर्धा रुतलेला. त्याच्या पाठीमागे ठकुबाई, दोन्ही हातांनी पोट धरून. तिला खरचटलंही नव्हतं.

गेनबानं उरलेला हात उचलला आणि मावशीच्या तोंडावर ठेवला. गच्च दाबला. मग कोसळला.

डॉक्टरांनी कागद केला. रुग्ण पिसाळला, नर्सनं स्वतःला वाचवलं. चिमाजीनं अंगठा दिला. ठकुबाईला कुणी काही विचारलं नाही. तिनं नवऱ्याला गाडीत घातलं आणि ती गेली.

मावशीनं नोकरी सोडली आणि भोंगवलीला आमच्या घरी आली, ती कायमची. रोज दुपारी जेवण झालं की माझी आई जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तिचे हात खांबाला बांधायची. चहाच्या वेळी सोडायची. मी दहा वर्षांचा झालो तसं ते काम माझ्याकडं आलं. मावशीला हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा, हा घरचा नियम होता. ती कुणालाही ओ देत नसे.

१९८९ साली ती अंथरुणाला खिळली. मनगटाची कातडी सोलून निघू लागली, म्हणून मीच म्हणालो, आता बांधायला नको.

मूर्ख मी.

तिसऱ्या दुपारी माझी बायको तिला पेज भरवत होती. मावशीनं एकदम तिचा गळा धरला. हाडांचे नुसते सापळे झालेले ते हात, पण मला एक बोट उचलता येईना. बायकोचे डोळे बाहेर आले. पेजेत रक्त पडलं. कुणाचं, कळलं नाही. मावशी रडत होती. "बोलावतोय रे... मला सोडव..."

मला सगळी हकिगत तोंडपाठ होती. तरीही मी ओरडलो.

"ओ!"

बोटं सुटली. मावशी माझ्याकडं बघत राहिली. "काय केलंस रे हे?" एवढंच म्हणाली. दिवेलागणीला गेली.

मी सकाळची शाळा मागून घेतली. कारण कुणाला सांगितलं नाही. आज पस्तीस वर्षं झाली, रोज दुपारी जेवण झालं की माझी बायको माझे हात खाटेला बांधते आणि माझ्या समोर बसून तांदूळ निवडते. तिच्या गळ्यावर अजून चार व्रण आहेत.

आता तिची बोटं संधिवातानं वाकडी झालीत. गेल्या आठवड्यापासून गाठ सैल बसते आहे.

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवतो. पण काय करायला सांगतं ते ऐकू येऊ लागलं, की मी गप्प बसतो.